बाई फोन उचलते

श्रुतिका मुलुंडला राहायला आली त्याला दोन वर्षं होत आली होती, तरी ती नक्की काय काम करते हे तिच्या मजल्यावर कुणालाच कळलं नव्हतं. पहिल्या दिवाळीला शेजारच्या वहिनी फराळाचं ताट घेऊन आल्या, तेव्हा तिनं सांगायचा प्रयत्न केला होता.

"मराठी शिकवायचं ॲप आहे. त्यातले सराव मी बनवते."

"म्हणजे शिक्षिका आहेस."

"शिकवत नाही. प्रश्न बनवते."

"पेपर काढतेस म्हण ना मग," म्हणत वहिनींनी ताट रिकामं करून घेतलं आणि विषय मिटला.

पेपर काढण्याहून ते काम वेगळं होतं. बदली होऊन महाराष्ट्रात आलेले बँकेतले अधिकारी, रुग्णालयातल्या नर्स, मेट्रोच्या कामावरचे इंजिनिअर असे लोक त्या ॲपवर मराठी शिकत. धडे दुसरं कुणी लिही. त्या धड्यांवरचे सराव श्रुतिका बनवी. त्यासाठी कंपनीनं स्वतःचं सॉफ्टवेअर केलं होतं, त्याला सगळे सरावघर म्हणत. गाळलेल्या जागा, जोड्या, उलटसुलट केलेली वाक्यं, ऐका आणि निवडा, सगळे साचे त्यात तयार असत. मजकूर भरायचा, पर्याय द्यायचे, यंत्राचा आवाज जोडायचा. बरोबर उत्तर लिहायला कुणीही लिहील. श्रुतिकाला चुकीचे पर्याय बनवण्यात खरी गंमत वाटे. चुकीचा पर्याय इतका चुकीचा नको की कुणी त्याकडे ढुंकूनही बघणार नाही, आणि इतका बरोबरही नको की शिकणारा भांडायला येईल. हिंदी बोलणारा हमखास घसरेल असा एक, तमिळ बोलणारा घसरेल असा एक, आणि घाईत असलेला कुणीही घसरेल असा एक.

कंपनीचं ऑफिस अंधेरीला होतं, पण सगळे घरूनच काम करत. केलेला सराव चालवून बघायचा म्हणजे यंत्रानं एक वाक्य बोलायचं आणि श्रुतिकानं मोठ्यानं उत्तर द्यायचं. "नमस्कार, आपण कसे आहात?" असं तिला दिवसातून कितीतरी वेळा विचारलं जाई आणि ती दर वेळी "मी मजेत आहे" म्हणे. पुष्कळदा संध्याकाळी दूध आणायला खाली उतरल्यावर तिच्या लक्षात येई, की आज माणसाशी बोललेलं हे पहिलंच वाक्य.

तिचा सगळ्यांत आवडता साचा होता फांद्यांचा संवाद. त्यात शिकणारा एक उत्तर निवडतो आणि त्याप्रमाणे समोरचं पात्र पुढचं बोलतं. पुन्हा निवडायचं, पुन्हा फांदी फुटते. श्रुतिका वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. पार्ल्याच्या कॉलेजात तिनं पाच वर्षं झाडं ओळखली होती, ती अशीच: पानं समोरासमोर असतील तर या क्रमांकाकडे जा, एकाआड एक असतील तर त्या, देठाशी चीक निघतो का, हो, नाही. नीट निरीक्षण केलं तर शेवटी नाव सापडतंच, यावर तिचा विश्वास होता. म्हणून तिचे संवाद कुठं अडकत नसत. प्रत्येक फांदीला शेवट असे.

मे महिन्यात राजूदादाचा, तिच्या चुलतभावाचा, मेसेज आला. 'काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एक डोळा झाला, दुसरा पावसाळ्यानंतर. तुला माहीत असेलच.'

तिला माहीत नव्हतं.

बाबा बोरिवलीला. तिच्या खिडकीतून समोर डोंगर दिसे, राष्ट्रीय उद्यानाचा, आणि त्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला त्यांची सोसायटी होती. पक्षी अर्ध्या तासात पोचला असता. माणसाला लोकलनं दादरपर्यंत खाली जाऊन दुसऱ्या लाइननं पुन्हा तेवढंच वर यावं लागे. घर सोडताना तिनं मुलुंड निवडलं ते याच हिशेबानं.

आई गेल्यावर दोन वर्षांनी गुणाजींनी, म्हणजे बाबांनी, एका रविवारी बांगडे साफ करता करता तिला सांगितलं होतं, "मी सुगंधाशी लग्न करतोय. रजिस्टर." त्यांनी मान वर केली नाही. तिनंही काही विचारलं नाही. भांडण झालंच नाही, हीच अडचण होती. झालं असतं तर ते मिटवता आलं असतं. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात श्रुतिका घरातून निघाली. बाबा बॅग घेऊन रिक्षापर्यंत आले. रात्री तिनं 'पोचले' असं कळवलं, त्यांनी 'बरं' असं उत्तर दिलं, आणि मग पुढचा शब्द कुणी बोलायचा यावर दोघंही अडून बसले. बाबांकडून रोज सकाळी फुलांची चित्रं तेवढी येत, 'शुभ सकाळ' लिहिलेली, जी ते साऱ्या गावाला पाठवत. कंपनीनं नवं सिम दिल्यावर तिनं जुना नंबर बंद केला आणि फुलंही थांबली. नवा नंबर तिनं राजूदादाला दिला, बाबांना द्यायचा राहिला. राहिला म्हणजे राहू दिला.

मेसेज वाचल्यावर तिनं बाबांना फोन लावला. उचलला सुगंधानं. "हॅलो, कोण?" श्रुतिकानं कट केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. पुन्हा तेच, "हॅलो, कोण?" आणि पुन्हा कट. डोळ्याला पट्टी, म्हणजे काही दिवस फोन तीच उचलणार हे उघड होतं.

बाबांशी बोलायचं होतं. काय बोलायचं ते माहीत नव्हतं. मग तिनं तिला जमणारी गोष्ट केली. सरावघर उघडलं आणि फांद्यांचा संवाद मांडायला घेतला.

कोरा सराव उघडला तर पन्नास गोष्टी नव्यानं भराव्या लागतात, म्हणून तिथं सगळे जुन्याची नक्कल करत आणि मजकूर बदलत. तिनं अठराव्या धड्यातल्या 'कुरियरवाल्याशी फोनवर बोला' या सरावाची नक्कल केली आणि आपल्या कच्च्या खणात ठेवली. पात्रं तीन: मुलगी, वडील, बाई. मुलीची भूमिका शिकणाऱ्याची.

वडिलांच्या फांद्या भराभर सुचल्या. बाबांचा आवाज तिला पाठ होता. 'डोळा कसा आहे?' असं निवडलं, तर 'आहे बरा. जेवलीस?' 'हो' म्हटलं, तर 'बरं. ठेवतो.' 'नाही' म्हटलं, तर 'जेवून घे मग. ठेवतो.' 'तुमची आठवण येते' असा एक पर्याय तिनं बराच विचार करून घातला. त्यावर वडील म्हणाले, 'हं. इथं आवाज नीट येत नाहीये. ठेवतो.' कुठूनही गेलं तरी शेवटी वडील फोन ठेवत. तिला दुसरा शेवट प्रामाणिकपणे लिहिताच येईना.

बाईची फांदी एकाच वाक्यावर थांबली. 'बाई फोन उचलते: हॅलो, कोण?' खालचे पर्याय रिकामे. मुलगी तिला काय म्हणणार? आई शक्यच नव्हतं. काकू म्हणावं तर बाबांच्या बायकोला काकू कशी म्हणणार? एक हाक होती, पण ती आधीच खर्च झालेली. सुगंधाचं त्यांच्या सोसायटीसमोर पोळीभाजी केंद्र होतं. आई आजारी असताना श्रुतिका रोज तिथून पोळ्या आणायची आणि काउंटरवरून ओरडायची, "मावशी, सहा!" जगातल्या सगळ्या पोळीवाल्या बायकांना म्हणतात तसं.

तिनं लॅपटॉप मिटला आणि आमटी गरम करायला ठेवली.

नक्कल केली की मूळ सरावाचा धडा क्रमांकही नकलेला चिकटून येतो, हे सरावघरात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं आणि प्रत्येक जण ते विसरत असे. शुक्रवारी श्रुतिकाची सहकारी मनाली हिनं अठरावा धडा सुधारून पूर्ण प्रकाशित केला. त्याच्याबरोबर श्रुतिकाचा कच्चा सरावही गेला.

मंगळवारी तिचा वरिष्ठ सुबोध याचा व्हिडिओ कॉल आला. तो कांजूरमार्गला राहायचा आणि कॉलवर कायम काहीतरी खात असायचा.

"श्रुती, अठराव्यात काय टाकलंयस यार तू?"

तिनं धडा उघडून बघितला. कुरियरवाल्याच्या खालीच तिची तीन पात्रं होती. "ते टाकायचं नव्हतं. कच्चं होतं ते. मी आत्ता काढते."

"काढतेस काय? वेडी का? लोक तीन-तीनदा खेळतायत ते. तुझा कुरियरवाला कुणी एकदा धड पुरा करत नाही. आणि बाप काय लिहिलायस! 'जेवलीस? बरं. ठेवतो.' मी सगळ्या फांद्या खेळलो. एकदा तरी बोलेल म्हटलं. प्रत्येक वेळी ठेवला त्यानं. माझा बाप डिट्टो."

ती हसली नाही. सुबोधनं शेंगदाणे चावत पुढं चालू ठेवलं.

"फक्त ती बाई अर्धवट आहे. ती उचलते आणि पुढं ठणठण गोपाळ. पर्याय दिसेनात म्हणून सिस्टिमनं रिकामा चौकोन टाकला, 'तुमचं उत्तर लिहा' म्हणून. लोकांनी लिहिलंय वाट्टेल ते. दोनशेच्या वर उत्तरं तुझ्या खात्यात तपासायला पडलीत. तपास, नमुना उत्तर भर आणि बंद कर. शुक्रवारपर्यंत कर ना."

"नमुना उत्तर?"

"अगं, बरोबर उत्तर! मुलीनं काय बोलायला पाहिजे ते. तूच लिहिलंयस ना, तुला नाही माहीत तर कोणाला?" मग त्यानं सहज विचारलं, "ती बाई आहे तरी कोण? मनाली म्हणते मोलकरीण असेल."

"मोलकरीण नाही."

"मग?"

"ठरवते," श्रुतिका म्हणाली.

बुधवारी दुपारी तिनं उत्तरं उघडली. डावीकडे उत्तर, उजवीकडे बरोबर आणि चूक अशी दोन बटणं, खाली शेऱ्याला जागा. काम रोजचंच होतं. तिनं पहिल्यापासून सुरुवात केली.

'नमस्ते मॅडम. बाबा आहे का घरी?' आहे नव्हे, आहेत. चूक, शेरा.

'मी त्यांची मुलगी बोलत आहे. कृपया फोन द्यावे.' द्यावा. चूक, शेरा.

'सॉरी, राँग नंबर.' या उत्तरापाशी ती जरा थांबली. वाक्यात दोष नव्हता. बरोबर.

'आई, मी आहे.'

तिचं बोट बटणावरच राहिलं. पुढचं उत्तर बघितलं: 'हॅलो आई! कशी आहेस?' त्यापुढचं: 'आई तू जेवला का?' जवळजवळ निम्म्या लोकांनी आई असंच लिहिलं होतं. त्यांचं काय चुकलं? मुलगी घरी फोन करते, बाई उचलते, तर ती आईच असणार. पाटण्याहून आलेल्या कारकुनाला आणि कोट्टायमच्या नर्सला दुसरं काय वाटणार? व्याकरण ठीक, संबोधन ठीक. तिनं 'आई, मी आहे' याला बरोबर दिलं. मग पुढच्याला. मग 'जेवला' खोडून 'जेवलीस' असा शेरा लिहिला. एकामागून एक ती अनोळखी लोकांना सांगत गेली, की सुगंधाला आई म्हणणं बरोबर आहे.

एकानं उत्तराऐवजी प्रश्नच विचारला होता. 'ही बाई कोण आहे? मुलगी तिला ओळखत नाही का? ती वाट बघत आहे. मला काय लिहायचे समजत नाही.'

याला बरोबर द्यायचं की चूक, हे तिला ठरवता येईना. ते तिनं तसंच सोडलं.

सगळं तपासून झाल्यावर सरावघरानं नमुना उत्तराचा चौकोन पुढं केला. तो भरल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही. तिनं 'काकू' लिहिलं, खोडलं. नुसतंच 'अहो' लिहिलं, खोडलं. चहा करून आली, पुन्हा बसली. तिला कॉलेजातल्या बाई आठवल्या. फुलोरा न बघता झाडाचं नाव सांगणाऱ्या मुलांना त्या वर्गाबाहेर काढत. आपण इथं तेच करतोय, तिला वाटलं. बाबा काय बोलतील, ती काय बोलेल, सगळं घरात बसून. एकही गोष्ट बघितलेली नाही.

दिवेलागणीला तिनं फोन लावला.

"हॅलो, कोण?"

मागं कुकरची शिट्टी आणि टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत होत्या. यंत्राच्या आवाजात हे दोन शब्द केवढे स्वच्छ वाटायचे.

"मी श्रुतिका."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

"हां," सुगंधा म्हणाली. मग, "बोला."

पोळीभाजी केंद्रावर हीच बाई तिला "चार देऊ की सहा गं?" म्हणायची.

"बाबांचा डोळा कसा आहे?"

"बरा आहे. पट्टी काढली. थेंब घालायचे असतात चार वेळा, ते घालू देत नाहीत. डोळे गच्च मिटून घेतात लहान मुलासारखे." सुगंधा घाईघाईनं बोलली, बोलायला काही सापडल्यासारखी. "तुम्ही बऱ्या आहात ना?"

"बरी आहे."

"जेवण करता का घरी, की बाहेरून?"

"घरी."

"देऊ का त्यांना? इथंच बसलेत."

"द्या."

फोनवर हात ठेवल्याचा आवाज आला, पण हात नीट बसला नसावा. "श्रुतिका आहे," सुगंधा म्हणाली. आणि मग बाबांचा आवाज, अगदी स्पष्ट: "झोपलोय म्हणून सांग."

तिनं इतक्या फांद्या लिहिल्या होत्या. प्रत्येकीत बाबा निदान फोनवर आले होते.

सुगंधा परत बोलायला येईपर्यंत श्रुतिकानं उत्तर तयार ठेवलं. ती म्हणेल, झोपलेत. आपण म्हणायचं, बरं, मग करते. दोघीही सुटतो.

"ऐकलंत ना?" सुगंधा म्हणाली.

"हो."

"खोटं बोलता येत नाही असं नाही मला. धंद्यात रोज बोलायचे, आत्ताच तव्यावरून काढल्यात म्हणून. पण हे नाही सांगणार मी. जागे आहेत ते." तिनं आवाज खाली आणला. "आणि टीव्ही बारीक केलाय त्यांनी. तुमचं नाव घेतलं तेव्हाच."

श्रुतिकानं कान दिला. बातम्या खरंच ऐकू येत नव्हत्या.

"मग मी काय करू?" ती म्हणाली.

"परवा करा. ह्याच वेळेला. ते घरात असताना करा, त्यांच्या मागं नको. मी उचलीन. तुम्ही माझ्याशी बोला."

"तुमच्याशी काय बोलू?" हे बाहेर पडलं तसं फार उद्धट ऐकू आलं. पण आता ते मागं घेता येत नव्हतं.

सुगंधाला राग आलेला दिसला नाही. "ते मलापण नाही माहीत," ती म्हणाली. "काहीतरी बोलू."

त्या रात्री श्रुतिकानं चौकोन भरला नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारी सकाळी तिनं सुबोधला सांगितलं, की बाईच्या फांदीला नमुना उत्तर राहणार नाही. शिकणाऱ्यांनी आपापलं लिहावं, ती दर आठवड्याला बसून तपासत जाईल.

"सिस्टिम घेणार नाही ना पण."

"नमुन्याच्या जागी टिंब टाकलंय. घेतलं तिनं."

"कमाल आहेस यार. आपणहून काम कोण वाढवून घेतं?" सुबोध म्हणाला. "आणि ती बाई कोण, ते ठरलं का?"

"वडिलांची दुसरी बायको."

सुबोधचं चावणं थांबलं. "अच्छा," तो म्हणाला. त्याला आणखी काही विचारायचं असावं, पण त्यानं मनालीच्या धड्यांचा विषय काढला.

संध्याकाळी श्रुतिका फोन घेऊन खिडकीशी बसली. डोंगर काळा झाला होता, पलीकडचं काही दिसत नव्हतं, कधी दिसतच नसे. काय बोलायचं हे तिनं ठरवलं नव्हतं. एक वाक्यसुद्धा नाही. तिनं नंबर लावला.

"हां, बोला," सुगंधानं कोण म्हणून विचारलं नाही.

"काय करताय?"

"भाजी चिरतेय. भेंडी." सुरीचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. "तुमची खोली कशी आहे? हवेशीर आहे?"

"आहे. चौथा मजला आहे."

"लिफ्ट?"

"आहे. बंदच असते."

श्रुतिकाला फोन ठेवावासा वाटला, आणि ठेवावासा वाटलाही नाही.

"पाणी येतं का वेळेवर?" सुगंधानं विचारलं.

"सकाळी येतं. सहाला."

मागून कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. सुरी थांबली.

"विचारतायत, संध्याकाळी येतं का म्हणून," सुगंधा म्हणाली.

श्रुतिका उठून उभी राहिली.

"येतं," ती म्हणाली, जरा मोठ्यानं. "पण धार बारीक असते. बादली भरायला वेळ लागतो."